विश्लेषण : दिवसाची वीज स्वस्त झाली, पण बिल किती उतरणार?

सकाळी सहा-साडेसहाला कुणकेश्वरच्या वाड्यांमधून पाण्याचे पंप सुरू होतात. जांभ्यात खोदलेल्या विहिरीतून पाणी वर चढते, टाकी भरते आणि घराची सकाळ सुरू होते. वर्षानुवर्षांची ही सवय आता विजेच्या बिलाशी थेट जोडली गेली आहे. तोच पंप सकाळी नऊनंतर लावला तर प्रत्येक युनिटमागे सवलत मिळू शकते. ‘दिवसा वीज वापरा, बिल वाचवा’ हा सल्ला त्यामुळे देवगड तालुक्यातल्या गावागावांत पोहोचला आहे. सल्ला खरा आहे. प्रश्न एवढाच, की त्यातून पैसे किती वाचतात, ते कोणाला मिळतात आणि त्यासाठी घरातल्या कोणाची झोप मोडावी लागते.

सवलत नेमकी काय आहे?

महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या २५ जून २०२५ च्या आदेशानुसार १ जुलै २०२५ पासून महावितरणचे नवे दर लागू झाले. त्यात घरगुती ग्राहकांसाठी प्रथमच वेळेनुसार सवलत आली. सकाळी ९ ते सायंकाळी ५ या आठ तासांत वापरलेल्या विजेवर प्रतियुनिट ८० पैसे सूट जाहीर झाली. २०३० पर्यंत ही सूट टप्प्याटप्प्याने वाढत १ रुपयापर्यंत जाईल, असे त्या वेळी सांगण्यात आले.

त्यासाठी अट एकच, पण महत्त्वाची आहे. घरी ‘टीओडी’, म्हणजे दिवसातल्या वेळेनुसार वापराची नोंद ठेवणारा स्मार्ट मीटर हवा. जुना मीटर महिन्याभरात किती युनिट फिरले एवढेच सांगतो. ते सकाळी फिरले की रात्री, हे त्याला कळत नाही. म्हणून जुना मीटर असलेल्या घराने सगळी कामे दुपारी उरकली तरी या सवलतीचा एक पैसाही त्याच्या बिलात दिसणार नाही. सवयी बदलण्याआधी भिंतीवरचा मीटर कोणता आहे, हे पाहायला हवे.

राज्यात अनेक ठिकाणी स्मार्ट मीटरला विरोध झाला. आधी पैसे भरायचे आणि मग वीज वापरायची, ही भीती त्यामागे मोठी होती. घरगुती ग्राहकांना बसवले जाणारे हे मीटर पोस्टपेडच आहेत, म्हणजे आधी वापर आणि नंतर बिल, असे महावितरणने स्पष्ट केले आहे.

दिवसाचीच वीज स्वस्त का?

पूर्वी वीज कंपन्या रात्रीच्या वापराला उत्तेजन देत. कोळशावरचे संच रात्री बंद करता येत नाहीत आणि मागणी मात्र घटते, असा तो हिशेब होता. सौरऊर्जेने तो उलटा केला. दुपारी राज्यभरातल्या सौर प्रकल्पांतून भरपूर वीज येते. कृषिपंपांना दिवसा वीज देण्यासाठी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत उभे राहणारे प्रकल्प त्यात भर घालत आहेत. सूर्य मावळला की हा पुरवठा शून्यावर येतो आणि नेमक्या त्याच वेळी घराघरांत दिवे, पंखे, टीव्ही आणि एसी सुरू होतात.

संध्याकाळची ही उसळी भागवायला कोळशाचे संच वाढवावे लागतात, बाजारातून महाग वीज घ्यावी लागते किंवा कोयनेचे पाणी सोडावे लागते. कोयनेच्या जलविद्युत प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॉट आहे आणि चढत्या मागणीच्या वेळी राज्याला सावरण्याचे काम तो दशकानुदशके करत आला आहे. धरणातले पाणी मात्र मोजकेच असते. संध्याकाळचा थोडा वापर दुपारी सरकला तर महाग वीज कमी घ्यावी लागते. त्या बचतीतला वाटा ग्राहकाला द्यावा, हा या दररचनेमागचा विचार आहे.

केंद्र सरकारने जून २०२३ मध्ये वीज ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती केली. सौर तासांतला दर नेहमीच्या दरापेक्षा किमान २० टक्के कमी असावा आणि शेतीखेरीज इतर ग्राहकांना ही पद्धत १ एप्रिल २०२५ पर्यंत लागू व्हावी, असे त्यात म्हटले आहे. राज्यातली घरगुती सवलत त्याच दिशेचे पाऊल आहे.

पंप नऊनंतर लावला तर किती वाचतील?

एक अश्वशक्तीचा पंप तासाभरात साधारण एक युनिट घेतो. रोज एक तास धरला तर महिन्याला ३० युनिट झाले. हे सगळे सकाळी नऊनंतर सरकवले तर ३० गुणिले ८० पैसे, म्हणजे २४ रुपये वाचतात. घरगुती विजेवरचे १६ टक्के वीज शुल्क धरले तर ही बचत २७-२८ रुपयांपर्यंत जाते.

इस्त्री आठवड्यातून दोनदा अर्धा-अर्धा तास केली तर महिन्याला चारेक युनिट होतात. त्यावर सव्वातीन रुपये वाचतील. थंड पाण्यावर चालणारे कपडे धुण्याचे यंत्र एका फेरीला पाव युनिटच्या आसपास घेते. तिथली बचत महिन्याला चहाच्या एका कपाइतकी आहे. विजेवरची स्कूटर असेल तर हिशेब जरा वजनदार होतो. बॅटरी पूर्ण भरायला तीन युनिट लागतात असे धरले आणि महिन्यातून दहा वेळा ती रात्रीऐवजी दुपारी भरली, तर आणखी २४ रुपये वाचतात.

काही सवलत काहीही न करता मिळते. फ्रीज चोवीस तास चालतो, त्यातले आठ तास सवलतीचेच असतात. फ्रीज महिन्याला ३० युनिट घेत असेल तर त्यातल्या सुमारे दहा युनिटवर, म्हणजे आठ रुपये आपोआप कमी होतात. दुपारच्या जेवणासाठी फिरणारा मिक्सर आणि दुपारचा पंखाही त्याच खात्यात जमा होतात.

सगळी बेरीज केली तर साध्या घराला महिन्याला ४० ते ७० रुपये मिळतात. वर्षाला पाचशे-आठशे रुपये नाकारण्यासारखे नाहीत. पण बिल निम्मे होईल, या अपेक्षेने कोणी बसले असेल तर त्याची निराशा होईल.

मग बिल फुगते कुठे?

ते फुगते शंभर युनिटच्या रेषेवर. १ जुलै २०२५ पासूनच्या दरांत पहिल्या १०० युनिटला वहन आकारासह प्रतियुनिट सुमारे पावणेसहा रुपये पडतात. १०१ ते ३०० युनिटच्या टप्प्यात हाच दर १२ रुपये ५७ पैसे होतो. स्थिर आकार, इंधन समायोजन आणि वीज शुल्क त्यावर वेगळे. म्हणजे एकशे एकावे युनिट शंभराव्या युनिटच्या दुपटीहून महाग आहे.

महिन्याला १५० युनिट वापरणारे घर घ्या. पहिल्या शंभर युनिटचे ५७५ रुपये आणि पुढच्या फक्त पन्नास युनिटचे जवळपास ६२९ रुपये. या घराने त्यातली ४० युनिट रात्रीऐवजी दिवसा वापरली तर ३२ रुपये कमी होतील. पण वापरच ४० युनिटने घटवला तर ५०० रुपयांहून अधिक वाचतील. वेळ बदलण्यातला आणि वापर घटवण्यातला फरक एवढा मोठा आहे.

वापर घटवणे म्हणजे अंधारात बसणे नव्हे. जुना छताचा पंखा साधारण ७५ वॉटचा असतो. रोज दहा तास चालला तर महिन्याला साडेबावीस युनिट घेतो. नव्या बीएलडीसी मोटरचा पंखा तीसेक वॉटवर तेवढाच वारा देतो आणि नऊ युनिटमध्ये भागवतो. एका पंख्यामागे साडेतेरा युनिट वाचली. शंभराच्या वरच्या टप्प्यात त्याची किंमत सुमारे १७० रुपये होते. पंप महिनाभर वेळ पाळून लावल्यावर जे २४ रुपये मिळाले, त्याच्या सातपट.

म्हणून क्रम असा हवा. आधी बिलावरची युनिट पाहावीत. आकडा शंभराच्या वर असेल तर सर्वाधिक तास चालणारा पंखा, जुना फ्रीज, गळक्या टाकीमुळे दोनदा लागणारा पंप यांकडे लक्ष द्यावे. आकडा मुळातच शंभराच्या आत असेल तर वेळेची सवलत अधिक जाणवते. पावणेसहा रुपयांतले ८० पैसे म्हणजे जवळपास १४ टक्के. वरच्या टप्प्यात तीच सूट जेमतेम ६ टक्के ठरते. केंद्राच्या नियमातल्या २० टक्क्यांच्या ती जवळपासही नाही, हेही नोंदवायला हवे.

कुणकेश्वरात हे कितपत जमेल?

शहरात नऊ ते पाच घराला कुलूप असते. तिथे दिवसाची सवलत कागदावरच राहण्याचा धोका अधिक. किनारपट्टीवर चित्र वेगळे आहे. मुले मुंबईत, आई-वडील गावात, असे घर इथे दर दोन घरांआड सापडेल. ही माणसे दिवसा घरीच असतात. पंप, कपडे, इस्त्री ही कामे त्यांना नऊनंतर सरकवता येतात. पण बिल अनेकदा मुंबईतल्या मुलाच्या मोबाइलवर जाते आणि मीटर गावातल्या आईच्या नजरेसमोर असतो. कुठल्या तासाला किती वापर झाला, हे स्मार्ट मीटरच्या ग्राहकाला महावितरणच्या ॲपवर पाहता येते. ती माहिती गावात फोन करून सांगितली गेली तरच उपयोगाची.

देवळाच्या वाटेवर निवास-न्याहारी चालवणाऱ्या घरांना थोडा जास्त वाव आहे. पाहुणे सकाळी दहा-अकराला खोली सोडतात, त्यामुळे चादरी-अभ्रे धुणे तसेही दुपारी येते. महाशिवरात्रीच्या यात्रेत किंवा मे महिन्यात हा भार मोठा असतो. मात्र पाहुण्यांचा गीझर पहाटे लागतो आणि एसी रात्री. ते सरकवता येत नाहीत, कमी करता येतात. पंधरा लिटर पाणी तीस अंशांनी तापवायला साधारण अर्धे युनिट लागते. सौर बंब बसवला तर पावसाळा सोडून वर्षभर हा खर्च जवळपास टळतो. एसीचे तापमान एक अंशाने वाढवले तर सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो.

आणखी एक अडचण पावसाळ्याची आहे. जून ते सप्टेंबर या काळात माडाची झावळी किंवा झाडाची फांदी तारांवर पडली की तासन्‌तास वीज नसते. अशा दिवशी टाकी नऊनंतर भरू म्हणून थांबलेले घर पाण्याविना बसेल. आभाळ भरून आले असेल तर सवलतीचा विचार न करता टाकी आधी भरून घेणे शहाणपणाचे. ८० पैशांसाठी घराला कोरडे ठेवण्यात अर्थ नाही.

काळजी कुठे घ्यावी?

बचतीच्या या सल्ल्यांत एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. वेळ सरकवायची म्हणजे कोणाचे तरी काम सरकवायचे. पहाटे टाकी भरून, कपडे वाळत घालून, मग काजूच्या कारखान्यात किंवा बागेत कामाला जाणाऱ्या बाईला ‘नऊनंतर पंप लाव’ सांगणे सोपे आहे, तिला ते करणे सोपे नाही. तिथे घरातल्या दुसऱ्या कोणी कळ दाबण्याची जबाबदारी घ्यावी, नाहीतर तीनेकशे रुपयांच्या बेतशीर बचतीसाठी वर्षभराची दगदग तिच्यावर लादू नये.

तसेच, वृद्धांनी रात्रीचा पंखा बंद करून बिल वाचवू नये. मे महिन्यातल्या दमट रात्री पंखा ही चैन नाही. जुन्या पंख्याचा एका रात्रीचा वापर पाऊण युनिट आहे. वाचवायचेच असेल तर पंखा बदलावा, झोप नव्हे.

जबाबदारी फक्त ग्राहकाची नाही. मीटर बसवताना महावितरणच्या कर्मचाऱ्याने घरातल्या माणसाला सवलतीची वेळ मराठीत, तोंडाने समजावून सांगितली पाहिजे. बिलावर ‘सकाळी ९ ते ५ मध्ये इतकी युनिट, इतकी सूट’ अशी ओळ ठळक दिसली पाहिजे. दुपारी वीज वापरा म्हणायचे असेल तर दुपारी ती अखंड मिळाली पाहिजे. आणि दर आदेशागणिक बदलत असल्याने बदल झाला की तो ग्रामपंचायतीच्या फलकापर्यंत पोहोचला पाहिजे.

तोपर्यंत कुणकेश्वरच्या घराने करायच्या गोष्टी तीनच आहेत. मीटर कोणता आहे ते पाहावे. मागच्या बिलातली युनिट शंभराच्या आत आहेत की बाहेर, ते तपासावे. सूट मिळायला हवी असूनही बिलात दिसत नसेल तर १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून ठेवावा. एवढे झाल्यावर पंप सकाळी साडेसहाला लावायचा की साडेनऊला, हे त्या घराला स्वतःच्या सोयीने ठरवता येईल.