जोर आणि तोल

कुस्ती म्हणजे केवळ बळाची परीक्षा, असा पुष्कळांचा समज असतो. दुसरे काही जण म्हणतात, ‘शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ.’ माझ्या मते ही दोन्ही मते अपुरी आहेत.

लाल मातीच्या हौद्यात दोन मल्ल एकमेकांस भिडतात, तेव्हा एक रेटतो आणि दुसरा तो रेटा अडवतो. दोघांचा जोर सारखा असेल, तर कोणीच तसूभर हलत नाही. मग कुस्ती निकाली कशी होते? धोबीपछाड हा डाव पाहा. प्रतिस्पर्धी जोराने अंगावर येतो. मल्ल त्याला उलट रेटत बसत नाही. त्याचा हात धरून तो चपळाईने वळतो, त्याला पाठीवर घेतो आणि धोबी कपडा आपटतो तसा पुढे मातीवर टाकतो. माणसाचा भार पावलांच्या आधारावर असतो, तोवर तो स्थिर उभा राहतो. भार पावलांपुढे गेला, की तोल गेलाच! पडणाऱ्याला येथे त्याचाच जोर भोवतो. जपानमध्ये १८८२ साली जिगोरो कानो यांनी ज्यूदोची शाळा काढली. त्या विद्येचेही हेच मर्म आहे.

परंतु म्हणून शक्ती नको, असे कोणी समजू नये. अंगावर आलेला भार पेलण्यास पायांत बळ हवे, आणि वळण्याचा नेमका क्षण साधण्यास अखंड सराव हवा. बीड जिल्ह्यातील पाटोद्याचे राहुल आवारे यांनी २०१८ साली ऑस्ट्रेलियातील राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत ५७ किलो वजनगटात सुवर्णपदक मिळवले, तर २०१९ साली जागतिक स्पर्धेत ६१ किलो गटात कांस्यपदक. एका गटातील मल्लांची वजने जवळपास सारखीच असतात. तेथे अंगाच्या भारावर विसंबून चालत नाही. शक्ती आणि युक्ती यांचा मेळ ज्याला साधतो, तोच वरचढ ठरतो.

हा मेळ शिकवतो कोण? वस्ताद डाव दाखवतात. पण तो पक्का होतो जोडीदाराच्या विरोधामुळे. जोडीदार मुकाट्याने पडत गेला, तर आपला डाव कच्चाच राहील. म्हणून विरोध करणाऱ्यास शत्रू मानू नये. वादात कोणी आपले म्हणणे खोडून काढू लागला, तर आपण चटकन रागावतो. त्या वेळी आवाज चढवण्याऐवजी त्याचे म्हणणे नीट ऐकावे आणि मग उत्तर द्यावे. रागाने अंगावर धावून जाणाऱ्याचाच तोल आधी जातो, ही मातीची शिकवण तालमीबाहेरही तितकीच खरी आहे.