वर्तमानपत्रांना न कळलेली आजी

दिवाळीच्या सुटीत घरी गेलो, तेव्हा आई मोबाईल डब्याला टेकवून एका आजींचा स्वयंपाक पाहत होती. आजी म्हणजे नगरजवळच्या सारोळा कासार गावच्या सुमन धामणे. २०२० साली त्यांच्या नातवाने त्यांना कॅमेऱ्यापुढे बसवले आणि 'आपली आजी' हे नाव यूट्यूबवरून घरोघर गेले. जो पदार्थ चालला होता, तो आईला चांगला येतो. मग बघतेस कशाला, असे मी विचारले. "आपल्यावानी बोलती म्हणून," आई म्हणाली.

आमच्या नामवंत वृत्तपत्रांना आणि वाहिन्यांना इंटरनेटचा हा अर्थ अजून उमगलेला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. आजींची बातमी अनेकांनी छापली. पण कशी? आजींचे वय किती, प्रेक्षक किती लाख, कमाई किती! लोक का पाहतात, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारला.

इंटरनेट म्हणजे जुनाच माल मांडायला मिळालेली नवी टपरी, अशी या मंडळींची प्रथमपासून समजूत दिसते. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. तरी त्यानंतर कित्येक वर्षे मराठी दैनिकांच्या संकेतस्थळांवर ज्याचा त्याचा फाँट वेगळा असे. तो उतरवून घेतला नाही तर बातमीऐवजी अगम्य चिन्हे दिसत, आणि शोधू म्हटले तर ती बातमी सापडतही नसे. पुढे ई-पेपर आले. आठ स्तंभांचे अख्खे पान चार बोटे रुंदीच्या पडद्यावर! आता तर मथळ्यात बातमी लपवण्याची कला आली आहे. 'पाहा, पुढे काय घडले!' वाचकाने बोट दाबले की तो मोजला गेला. तो चिडून परत गेला, हे मोजायचे यंत्र बहुधा नसावे.

वास्तविक आपल्याच जिल्ह्यात याचा धडा होता. नेवासे तालुक्यातील तरवडीहून मुकुंदराव पाटलांनी 'दीनमित्र' साप्ताहिक चालवले. १९१० साली हाती घेतलेले हे काम १९६७ पर्यंत चालले. 'कुलकर्णी लीलामृत' लिहिताना त्यांनी पोथीची ओवी वापरली, कारण खेड्यातल्या माणसाच्या कानाला पोथी सवयीची होती. वाचक कुठे बसतो, काय ऐकतो, हे त्यांनी आधी पाहिले.

वृत्तपत्रे नकोत, असे मला मुळीच म्हणायचे नाही. उलट भीती वेगळीच आहे. घोडेगावच्या कांद्याचा भाव वडिलांना व्हॉट्सॲपवर दुपारीच कळतो. उद्याच्या अंकात तो शिळा असतो. पण डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली, तेव्हा ती का आली आणि किती दिवस टिकेल, याबद्दल त्याच व्हॉट्सॲपवर दहा तऱ्हेच्या थापा फिरल्या. त्या खोडून काढायला बातमीदारच हवा, आणि त्याने लिहिलेले वडिलांच्या हातातल्या मोबाईलवर, त्यांना समजेल अशा चार ओळींत यायला हवे. ते आले नाही. वडिलांनी थापाच वाचल्या, आणि भाव चढेल या आशेने कांदा चाळीत ठेवला. निम्मा सडला.

परवा आईचा फोन आला. मोबाईलवर मराठी अक्षरे कशी उमटवायची, म्हणून विचारत होती. आजींना काही कळवायचे आहे म्हणाली. आमच्या घरी वर्तमानपत्र गेली पंधरा वर्षे येते. त्याला तिने कधी काही कळवल्याचे मला आठवत नाही.