इंजिनाच्या पलीकडचा प्लग

कोकण किनाऱ्यावरच्या अनेक छोट्या होड्यांना मागच्या फळीवर आउटबोर्ड इंजिन बसवलेलं असतं. बहुतेक आउटबोर्ड इंजिनांत स्पार्क प्लग होडीच्या बाजूला नसतात, पलीकडे पाण्याच्या बाजूला असतात. किनाऱ्यावर प्लग बदलणं दहा मिनिटांचं काम. समुद्रात मात्र खलाशाला फळीवर ओणवं होऊन, डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी हात घालावा लागतो. पाना निसटला तर गेलाच पाण्यात. खाडीच्या तोंडाशी, लाटा फुटतात तिथे इंजिन बंद पडलं, तर प्रश्न मासळीचा नसतो, जिवाचा असतो.

टू-स्ट्रोक इंजिनात इंधनाबरोबर तेलही जळतं, त्यामुळे प्लग काजळतो. म्हणजे ही वेळ आज ना उद्या येणारच. मग हे हुनर एकट्या मेकॅनिकपुरतं का राहावं?

खरं तर यात पुष्कळ शिकण्यासारखं आहे. इंजिन थंड होऊ द्यायचं. वायर न ओढता टोपी धरून काढायची. प्लगभोवतीची वाळू आधी पुसायची, नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडते. नवा प्लग त्याच नंबरचा हवा. हात नीट पोचत नसेल तर प्लगच्या वरच्या टोकावर रबरी नळीचा वीतभर तुकडा चढवायचा आणि नळी फिरवून आटे धरायचे. आटे वाकडे लागले तर नळी घसरते आणि आपण वेळीच थांबतो. पान्याने जोर लावला असता तर अ‍ॅल्युमिनियमचे आटेच गेले असते. पाना शेवटी, आवळण्यापुरता. काढलेला प्लगही वाचता येतो. फिकट तपकिरी असेल तर ठीक, काळा ओलसर असेल तर तेल जास्त किंवा ठिणगी कमजोर, पांढराफटक असेल तर इंजिन जादा तापतंय.

हे विज्ञान नाही तर काय आहे? पण इंजिनाबरोबरची पुस्तिका बहुधा इंग्रजीत असते आणि आमची पोरं शिकतात उर्दू किंवा मराठी शाळेत. अनुभवी तांडेलाच्या बोटांत हा सगळा इल्म असतो, पण त्याला ‘अडाणी’ म्हणायला आपण मोकळे! वर्गात मुलगा ज्वलनाची व्याख्या घोकतो आणि घरात पडलेला काजळलेला प्लग त्याच धड्यातला आहे, हे त्याला कुणी सांगत नाही.

‘मुलांना मच्छीमारच करायचंय का?’ असं काही पालक विचारतील. नाही. डॉक्टर करा, कलेक्टर करा. पण ज्याचा बाप, भाऊ उद्या समुद्रात जाणार आहे, त्याला ही गोष्ट कळण्यात कमीपणा कसला?

१ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते. होड्या शाकारलेल्या असतात, इंजिनं घरी आलेली असतात आणि जूनच्या मध्यावर शाळा सुरू होतात. किनाऱ्यावरच्या शाळांनी यातली एक दुपार एखाद्या तांडेलाला द्यावी. तो हाताने दाखवील, आपण शिक्षकांनी ते उर्दू-मराठीत लिहून भिंतीवर लावावं. अंधारात, हलत्या होडीत जे बोटांना आठवायला हवं, ते कोरड्या जमिनीवरच शिकून घ्यायचं असतं.