पारोसा शर्ट

खुंटीवरचा कालचा शर्ट काढायचा, काखेशी नाक नेऊन हुंगायचा, ‘चालतोय आजचा दिवस’ म्हणायचं आणि अंगात चढवायचा. हे मी वसतिगृहात पाहिलं, नातेवाइकांच्या घरी पाहिलं, बँकेतल्या सहकाऱ्यांच्या तोंडून ऐकलं. हुंगणाऱ्याला वास येत नाही, कारण स्वतःच्या अंगाच्या वासाला नाक सरावलेलं असतं. तो येतो गाडीत, वरची कडी धरलेल्या त्याच्या हाताखाली उभ्या असलेल्या माणसाला. डोंबिवली ते व्हीटी हा प्रवास मी एकतीस वर्षं केला. त्यामुळे शर्ट किती दिवसांनी धुवावा हा प्रश्न मला क्षुल्लक वाटत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. ऑफिसचा सुती किंवा टेरिकॉटचा शर्ट एक दिवस अंगात घातला की धुवायचा. पाण्यात, साबणाने, शक्यतो घरी. ड्रायक्लीनिंगला तो देऊ नये. न धुता पुन्हा घातलेल्या कपड्याला आपल्या भाषेत ‘पारोसा’ म्हणतात. त्या शब्दामागे सोवळ्याओवळ्याचा इतिहास आहे आणि त्या कल्पनांनी माणसांना पाणवठ्यापासून दूर ठेवलं, हे मी विसरत नाही. शब्दातला शरीराचा अर्थ मात्र टाकून देण्यासारखा नाही. कालचा घाम आज पुन्हा अंगाला लावू नये, एवढंच तो सांगतो.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की रोज धुऊन शर्ट विरतो, म्हणून चांगला शर्ट कमी धुवावा. हा आक्षेप घेणाऱ्यांनी कापसाचा स्वभाव लक्षात घेतलेला नाही. कापसाचा धागा ओला झाला की उलट मजबूत होतो. ओलेपणी दुबळा पडतो तो रेयॉन. आपल्या आज्या-पणज्यांची सुती लुगडी रोज पाण्यात पडायची आणि वर्षानुवर्षं टिकायची, ती याच गुणामुळे. शर्ट विरतो तो कढत पाण्याने, क्लोरीनच्या ब्लीचने, मशीन गळ्यापर्यंत कोंबल्याने, दगडावर आपटल्याने, दुपारच्या रणरणत्या उन्हात तासन् तास वाळवल्याने. कॉलर घडीवर फाटते, कारण दाढीचे खुंट तिथे दिवसभर घासतात आणि मळ साठू दिला की मग तो काढायला आपण नायलॉनचा ब्रश घेऊन तुटून पडतो. एका दिवसाचा मळ बोटांनी निघतो. तीन दिवसांच्या मळाला ब्रश लागतो. कमी धुण्याने शर्ट वाचतो म्हणणाऱ्यांनी या ब्रशाचा हिशेब धरलेला नाही.

दुसरा आक्षेप परदेशी सल्ल्यांवरून आलेला आहे. शर्ट दोन-तीनदा घालून मग धुवा, असं तिकडे सांगतात. लंडनला जानेवारीत आत बनियन, वर कोट आणि बाहेर पाच-सात अंश तापमान असताना तो सल्ला ठीक असेल. मे महिन्यातल्या मुंबईत हवाच इतकी दमट असते की घाम वाळायलाच तयार नसतो. तो पाठीवरून ओघळतो आणि शर्ट पितो. ‘आमच्या ऑफिसात एसी आहे’ हे उत्तर मी शेकडो वेळा ऐकलं. एसी ऑफिसात आहे, पण घरापासून स्टेशन, जिना, फलाट, साधी लोकल, पुन्हा जिना आणि चौकातला सिग्नल यांतल्या कशालाच एसी नाही. ऑफिसात पोचल्यावर शर्ट वाळतो एवढंच. घामातलं पाणी उडून जातं. मीठ, तेल आणि काखेतल्या ग्रंथींचा स्राव कापडात राहतो. ताज्या घामाला फारसा वास नसतो. त्या स्रावावर त्वचेवरचे जिवाणू काम करतात तेव्हा वास तयार होतो, आणि खुंटीवरच्या शर्टात त्यांना रात्रभर सवड मिळते.

टेरिकॉट घालणाऱ्यांनी तर हा नियम जास्तच कडक पाळावा. 2014 साली बेल्जियममधल्या घेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी 26 जणांना सायकलचा जोराचा व्यायाम करायला लावून त्यांचे टी-शर्ट तपासले. पॉलिएस्टरचे टी-शर्ट सुती टी-शर्टांपेक्षा जास्त उग्र वासाचे निघाले. टेरिकॉटमध्ये पॉलिएस्टर असतंच. ते चुरगळत नाही म्हणून आपण ते घेतो आणि चुरगळलेलं नाही म्हणून धुवायला टाकत नाही. मळखाऊ रंगाचंही तेच. निळ्या-करड्या चौकडीत मळ दिसत नाही, पण असतो तेवढाच.

मग इस्त्रीवाले पुढे येतात. धुतला नाही तरी सकाळी इस्त्री फिरवली की परीटघडीचा दिसतो, असं त्यांचं म्हणणं. सगळ्या सल्ल्यांत हा मला सर्वात घातक वाटतो. घाम आणि तेल मुरलेल्या कापडावर गरम इस्त्री फिरली की डाग पक्का बसतो. काखेतला पिवळा पट्टा आणि कॉलरीवरची तपकिरी रेघ यांतलं बरंचसं काम आपणच इस्त्रीने केलेलं असतं. परीटघडी हा शब्द परटाकडून धुऊन आलेल्या कपड्यासाठी आहे. आधी घाट, मग घडी.

ड्रायक्लीनिंगबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण तिथे पैसेही जातात आणि गैरसमजही मोठा आहे. मुलाच्या मुंजीसाठी मी एक पांढरा शर्ट शिवला होता. भारी कापड म्हणून तो तीन-चार वेळा घालून प्रत्येक वेळी नाक्यावरच्या एका दुकानात ड्रायक्लीनिंगला दिला. प्लास्टिकच्या पिशवीत तो कपाटात होता. वर्षाने एका लग्नासाठी काढला, तेव्हा दोन्ही काखांत तळहाताएवढे पिवळे, कडक झालेले चट्टे होते. बोटाने वाकवले तर कापड पुठ्ठ्यासारखं मुडपत होतं. दुकानदाराने फसवलं असं मी तेव्हा म्हणत होतो. त्याचा दोष नव्हता. ड्रायक्लीनिंगमध्ये पाण्याच्या जागी द्रावक असतं. जगभर सर्वात रुळलेलं द्रावक परक्लोरोएथिलीन. आपल्याकडे पेट्रोलियमपासून काढलेली द्रावकंही वापरतात, म्हणून जुनी माणसं त्याला ‘पेट्रोल वॉश’ म्हणत. ही द्रावकं तेल-तूप, ग्रीस उत्तम विरघळवतात. घामातलं मीठ पाण्यात विरघळतं, त्यांच्यात नाही. म्हणजे माझ्या शर्टातला घाम तीन-चार वेळा दुकानात जाऊन तितक्याच वेळा परत आला होता.

शिवाय परक्लोरोएथिलीनला जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था माणसांत बहुधा कर्करोगकारक मानते. कॅलिफोर्नियाने 2007 साली ते 2023 पर्यंत ड्रायक्लीनिंगमधून बाद करायचं ठरवलं, आणि अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने डिसेंबर 2024 मध्ये ड्रायक्लीनिंगमधला त्याचा वापर दहा वर्षांत देशभर थांबवण्याचा नियम काढला. सर्वात जास्त झळ लागते ती दिवसभर यंत्रापाशी उभ्या राहणाऱ्या कामगाराला. कोट, लोकरीचे सूट, शालू, पैठणी यांना ड्रायक्लीनिंग लागतं, जरूर द्यावं. सुती शर्टासाठी त्या कामगाराला त्या वाफेत उभं करण्याचं कारण नाही. शर्टाच्या आतल्या शिवणीवरची चिठ्ठी पाहा. पाण्याच्या टबाचं चित्र असेल तर तो पाण्यात धुवायचा आहे. नुसतं वर्तुळ असेल तर ते ड्रायक्लीनिंगचं, आणि वर्तुळावर फुली असेल तर बनवणाऱ्यानेच त्याला मनाई केली आहे.

पाण्याचा आक्षेप मी मनापासून ऐकतो. 2016 च्या एप्रिलात ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं, तिथल्या माणसाला मी रोज मशीन लावा म्हणणार नाही. एका शर्टासाठी मशीन कोणीच लावू नये. हातावर धुतला तर शर्ट अर्ध्या बादलीत निघतो, दुसऱ्या अर्ध्यात खळबळून होतो, आणि ते दुसरं पाणी फरशीला वापरता येतं. नाशिक-पुण्याच्या डिसेंबरात आत बनियन, वर स्वेटर आणि घाम आलेलाच नाही, अशा दिवशी शर्ट रात्रभर हँगरवर वाऱ्याला लावून आणखी एकदा घातला तर माझी हरकत नाही. तिसऱ्यांदा मात्र नको.

शेवटचा आक्षेप सर्वात खरा, आणि पुरुषांच्या तोंडून तो क्वचितच येतो: रोज धुवायचा म्हणजे घरातल्या बाईच्या कामात भर. न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय या गावची एक गोष्ट सांगतात. 1827 साली हॅना माँटेग्यू या बाईने नवऱ्याच्या शर्टांच्या कॉलरी कापून काढल्या, तेवढ्याच धुतल्या आणि पुन्हा शिवून टाकल्या. त्याचे शर्ट धुता धुता ती कंटाळून गेली होती. त्यातून सुट्या कॉलरींचा मोठा धंदा उभा राहिला आणि ट्रॉयला ‘कॉलर सिटी’ हे नाव पडलं. कॉलर आधी मळते हे तिने अचूक हेरलं. पण कात्री तिला हातात घ्यावी लागली, याचं कारण त्या घरातला शर्ट घालणारा शर्ट धुवत नव्हता.

माझे वडील परळच्या एका गिरणीत कारकून होते. ऑफिसचे शर्ट दोनच. रात्री जेवण झालं की ते स्वतः मोरीत बसत. आधी कॉलरीचं आणि कफांचं बटण काढून घडी उलगडत, साबणाची वडी ओल्या कॉलरीवर दोनदा फिरवत, पाच मिनिटं तशीच ठेवत. मग दोन मुठींत धरून कापडावर कापड चोळत. पाणी करडं व्हायचं. त्यानंतर काखा, उलट्या करून. पिळत नसत; झटकून, खांदे सरळ करून दांडीवर उलटा टाकत. सगळं मिळून दहा मिनिटं. पावसाळ्यात रात्रीतून वाळायचा नाही, तेव्हा तो पंख्याखाली असे आणि सकाळी जरासा दमट असतानाच इस्त्री होई. दोन शर्टांत त्यांनी वर्षं काढली, पण पारोसा शर्ट घालून ते कधी गिरणीत गेले नाहीत, आणि आईला त्यांचा शर्ट धुवावा लागला नाही.

मशीन आल्यापासून हे काम आणखी सोपं झालं आहे. तेव्हा आज घरी गेल्यावर अंगातला शर्ट मशीनमध्ये किंवा धुणंभांड्याला येणाऱ्या मावशींच्या बादलीत टाकण्याआधी त्याची कॉलर आणि काखा तुम्ही स्वतःच्या हाताने धुवा.