ठेव मोडून किती दिवस जगायचे?

भिंगारला कुणी आजारी पडले की भेटायला येणारा प्रत्येक जण एक पथ्य सांगून जातो. आमच्या शेजारच्या तरुणाला मोठ्या आतड्याच्या दाहाचा विकार जडला, दिवसातून दहा-बारा वेळा रक्त पडू लागले, तेव्हाही तेच झाले. एकाने दूध बंद करायला सांगितले, दुसऱ्याने डाळ, तिसऱ्याने अंडी. उरली साबुदाण्याची पेज. चार महिन्यांत ५८ किलोंचा मुलगा ४४ वर आला. आई म्हणायची, "पोटाला विश्रांती मिळतेय." त्या माउलीला काय बोल लावणार? मान डोलावणाऱ्यांत मीही होतोच.

माझी हयात बँकेत गेली. आवक थांबली आणि खर्च वाढला की माणूस मुदत ठेव मोडतो. शरीरही तेच करते. त्याची ठेव म्हणजे स्नायू. दाह भूक मारतो, रक्तावाटे लोह जाते, आणि दीर्घकाळ घेतलेली स्टिरॉइड्स स्नायू व हाडे झिजवतात.

अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स हे या विकाराचे दोन मुख्य प्रकार. रोग उफाळलेला असताना प्रौढ रुग्णाला वजनाच्या दर किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने लागतात; म्हणजे ५० किलोंच्या माणसाला ६० ते ७५ ग्रॅम. साबुदाण्यात ती जवळजवळ नसतातच. आणि सलाइन? ग्लुकोजच्या ५ टक्क्यांच्या एक लिटर बाटलीत असते फक्त ५० ग्रॅम साखर. प्रथिने शून्य.

तोंडाने पुरेसे जात नसेल तर पोषक द्रव आहार, तोही जमत नसेल तर नाकातून नळी. नळी दिसली की आपल्याकडे लोक डोळे पुसू लागतात. वास्तविक क्रोन्सच्या लहान रुग्णांत सहा ते आठ आठवडे केवळ असा द्रव आहार देऊन दाह शमवता येतो. कोलायटिसमध्ये अन्न औषधाची जागा घेत नाही; पण औषध आणि वेळ पडल्यास शस्त्रक्रिया सोसण्याचे बळ अन्नच देते. शिरेतून संपूर्ण पोषण द्यायचे ते आतडे अडलेले वा निकामी असेल तेव्हाच, कारण त्यात जंतुसंसर्गाचा धोका असतो. फार दिवस उपाशी राहिलेल्याला मात्र एकदम भरपूर भरवू नये. रक्तातले फॉस्फेट व पोटॅशियम तपासत, बेताबेताने वाढवावे लागते.

शेजारच्या मुलाचे वजन आता ५१ आहे. औषधे चालूच आहेत. हे घडले ते एका आहारतज्ज्ञ बाईंनी "रोज काय खातोस?" असे विचारल्यामुळे. तोवर हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता, आम्हीसुद्धा.

म्हणून मागणी साधी आहे. आतड्याच्या प्रत्येक रुग्णाच्या केसपेपरवर दर खेपेला वजन आणि आहार लिहिला जावा. आणि आपण भेटायला जाताना पथ्य सांगण्याआधी एवढेच विचारावे, "आज जेवलास का?"