आवारातील हिवाळी पाहुणे : दाणे की झाडे?

पक्ष्यांना दाणे घालणे हे आपल्याकडे सत्कृत्य मानले जाते. वसतिगृहातील मुलेही जेवणानंतर उरलेल्या पोळीचे तुकडे, घरून आलेले शेव-फरसाण मोठ्या हौसेने आवारात टाकतात. त्यामागील भावना निर्मळ असते, याविषयी शंका नाही. परंतु भावना निर्मळ आहे एवढ्यावरून कृती योग्य ठरत नाही. करुणेला प्रज्ञेची जोड हवी, ही शिकवण आपल्याला नवी नाही. तीच कसोटी या साध्या गोष्टीलाही लावून पाहावी, असे मला वाटते.

हिवाळ्यात बागेत पक्ष्यांना खाऊ घालण्याची प्रथा ज्या थंड देशांत रुजली, तेथे तिला सबळ कारण होते. ब्रिटनमध्ये १८९०-९१ चा हिवाळा अत्यंत कडक होता; त्या वेळी पक्ष्यांना दाणे घालावेत, असे आवाहन वृत्तपत्रांनी केले आणि लोकांनी ते मनावर घेतले. जमीन गोठलेली, किडे व बिया बर्फाखाली गाडलेल्या, दिवस लहान आणि रात्र मोठी. अशा वेळी मूठभर दाण्यांवर लहानशा पक्ष्याचा जीव तगतो. मात्र तेथेही या प्रथेची दुसरी बाजू पुढे आली. एकाच भांड्यावर अनेक पक्षी जमले की रोग पसरतो. ट्रायकोमोनोसिस या रोगामुळे तेथील ग्रीनफिंच हा बागेतला नेहमीचा पक्षी इतका घटला, की २०२१ मध्ये त्याची नोंद चिंताजनक पक्ष्यांच्या लाल यादीत करावी लागली.

महाराष्ट्रातील हिवाळा निराळा आहे. आपल्याकडे तो उपासमारीचा नव्हे, सुगीचा काळ असतो. पावसाळ्याने वाढवलेले गवत, त्यातील किडे, बिया आणि शिवारातील ज्वारी यांच्या आधारानेच उत्तरेकडील पाखरे इकडे येतात. शेपटी सतत खालीवर करीत चालणारा धोबी, शेपटी थरथरवणारा थिरथिरा, झाडाच्या सावलीत वावरणारी लाल छातीची माशीमार हे मुख्यतः कीटकभक्षी पाहुणे आहेत. आपल्या पोळीच्या तुकड्यांचा त्यांना उपयोग नाही. त्यावर जमतात ते कावळे, साळुंक्या आणि कबुतरे. कबुतरांना बेसुमार दाणे घातल्याने काय होते, हे मुंबईत दिसलेच आहे. तेथील कबुतरखान्यांचा वाद २०२५ मध्ये उच्च न्यायालयात गाजला.

थव्याने येणाऱ्या भोरड्या आपल्या आजी-आजोबांच्या चांगल्या परिचयाच्या होत्या. दुसऱ्याच्या रानात राखणीला बसून, गोफण फिरवून ज्यांनी ज्वारीवरची पाखरे हाकलली, त्यांना कोणते पाखरू केव्हा येते, कशावर बसते, केव्हा परतते हे पुस्तकावाचून ठाऊक होते. ते ज्ञान फारसे लिहिले गेले नाही, कारण ज्यांच्यापाशी ते होते त्यांच्या हाती लेखणी येऊ दिली गेली नव्हती. इतिहासाचा शिक्षक म्हणून ही हानी मला मोठी वाटते. आज त्यांच्या नातवंडांच्या हाती लेखणी आहे. म्हणून प्रत्येक वर्गाने एक नोंदवही ठेवावी : दिनांक, वेळ, पक्षी, संख्या, तो काय करीत होता. एवढे पुरे. अमेरिकेत १९९८ मध्ये सुरू झालेल्या ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ या फेब्रुवारीतील गणनेत भारतीय निरीक्षक २०१३ पासून सहभागी होत आहेत. किमान पंधरा मिनिटे पक्षी पाहून मोजणे एवढीच तिची अट. आपली मुले हे सहज करू शकतील.

मग पक्ष्यांसाठी काहीच करू नये काय? अवश्य करावे. पाचोळा जाळू नये, कारण धोब्याचे आणि थिरथिऱ्याचे अन्न त्यातच वाढते. आवाराचा एक कोपरा न खुरपता गवताला सोडावा. पळस, पांगारा, काटेसावर, उंबर, बोर, बाभूळ अशी आपल्या मातीतील झाडे लावावीत. पळस-पांगारा फुलला की भोरड्या मधासाठी आपणहून येतील. उथळ परळात दोन बोटे पाणी ठेवावे आणि परळ रोज घासावे. दाणे घालायचेच असतील, तर ज्वारी, बाजरी किंवा तांदळाची कणी थोडीच घालावी आणि जागा रोज झाडावी. खारट, तळलेले काही घालू नये.

माजी विद्यार्थी आणि पालक यांना एक विनंती. संस्थेच्या सुशोभनासाठी आपण सढळ हाताने देणगी देता. परंतु सुशोभन म्हणजे पेव्हर ब्लॉक, विदेशी हिरवळ आणि छाटलेली शोभेची झुडपे, असे समीकरण होऊन बसले आहे. असे आवार छायाचित्रात देखणे दिसते. पण त्यात पाखराला ना किडा मिळतो, ना आडोसा. पुढील देणगी देताना थोडी जमीन मोकळी राखण्याची अट घालावी, सोबत एखादी दुर्बीण आणि पक्ष्यांची ओळख करून देणारे मराठी पुस्तक द्यावे. उरलेले काम मुले करतील.