मांजरच तर आहे!

मागचा विकांत रत्नागिरीला घालवला, पण समुद्र एकदाही बघितला नाही. आमच्या बंड्याची लघवी तुंबली होती. बंड्या म्हणजे आमचा बोका. वय वर्षं चार, वजन साडेपाच किलो, घरातला दर्जा माझ्यापेक्षा वरचा.

शुक्रवारी रात्री आईचा फोन आला, "अरे, हा सारखा मातीत जाऊन बसतोय, कुंथतोय, काही होत नाही." शेजारच्या काकांनी निदान करून टाकलंच होतं : बद्धकोष्ठ, चमचाभर एरंडेल पाजा. आणि मी, दीडशहाणा इंजिनियर, पुण्यात बसून म्हणालो, "बघू सकाळपर्यंत." रात्रीची बस पकडून घरी पोचलो तोवर बोका ओकत होता, पोट चेंडूसारखं टणक.

आता जरा मुद्द्याचं. बोक्याची मूत्रनलिका शेवटच्या टोकाला अतिशय अरुंद असते. फ्लुइड मेकॅनिक्समध्ये आपण सगळ्यांनी पाठ केलंय की नळीतला प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. त्रिज्या निम्मी झाली की प्रवाह सोळावा हिस्सा. तिथे थोडी सूज, थोडे खडे, थोडा चिकट गाळ, की संपलं. पूर्ण तुंबल्यावर मूत्रपिंडं काम करेनाशी होतात, रक्तात पोटॅशियम चढतं आणि हृदय थांबतं. दोन-तीन दिवसांत मांजर जातं. काकांच्या एरंडेलाने नव्हे, वाट बघण्याने!

म्हणून माझा राग आहे तो 'मांजरच तर आहे, होईल आपोआप बरं' या वाक्यावर. हे वाक्य काटकसरीचं वाटतं, प्रत्यक्षात सगळ्यात महाग तेच पडतं. भूल, कॅथेटर, दोन दिवस सलाईन, रक्ताची तपासणी मिळून बिल झालं साडेसात हजार. डॉक्टर म्हणाले, रात्रीच आणला असतात तर बहुधा निम्म्यात भागलं असतं. (गुरांचा डॉक्टर हो, गाई-म्हशीच जास्त बघतो. पण हात काय सुरेख!) बाबांनी आधीच आकडा सांगून टाकला होता : दहा हजार, त्यापुढे नाही, पेन्शन आहे ती. मी भडकलो. पण आकडा स्पष्ट सांगणारा माणूस 'होईल बरं' म्हणणाऱ्यापेक्षा परवडला, हे आता पटतंय. परत तुंबलं तर पुढची पायरी ऑपरेशनची, आणि त्यासाठी कदाचित मुंबई गाठावी लागेल. ते दहा हजारांत बसणार नाही, हे आम्हा तिघांनाही माहीत आहे.

दुसरा राग घरगुती औषधांवर. एका औषधवाल्याने लघवीच्या जळजळीचं माणसांचं सिरप दिलं होतं. ते लघवी अल्कलाइन करतं, आणि स्ट्रुव्हाइट नावाचे खडे नेमके अल्कलाइन लघवीतच तयार होतात. म्हणजे आगीवर रॉकेल. पॅरासिटामॉल तर मांजराला सरळ विष आहे, पाव गोळीही नको. 'अँटिबायोटिक देऊन बघू' हेही तसंच. तरुण बोक्यांमध्ये जंतुसंसर्ग क्वचितच असतो, बहुतेकदा ताण आणि मूत्राशयाची सूज असते. आणि पोट दाबून लघवी काढायला जाऊ नका, मूत्राशय फुटू शकतं.

मग नसबंदीवाले आले. "केलीत ना, म्हणून नळी बारीक राहिली." अहो, हे १९७२ साली अमेरिकेत मोजून झालंय, वयात येण्याआधी नसबंदी केली तरी नळीच्या जाडीत फरक पडत नाही. लठ्ठपणा आणि दिवसभर घरात लोळणं मात्र नडतं.

सगळ्यात जास्त राग स्वतःवर. बंड्या आधी मिरकरवाड्यावरची तारली, उकडून भाताबरोबर, असा खायचा. मी पुण्याहून फॅशनेबल कोरडे दाणे आणले, थैलीवर 'प्रीमियम' लिहिलेले. त्या दाण्यांत पाणी दहा टक्क्यांच्या आसपास, उकडलेल्या माशात सत्तरच्या घरात. मांजर मुळात वाळवंटी पूर्वजांचं, तहान कमी, ताटलीतलं पाणी पिऊन फरक भरून काढत नाही. त्यातच शेजारी बांधकाम सुरू झालेलं, ड्रिलचा आवाज दिवसभर, हा कपाटाखाली. फक्त दाण्यांनीच झालं असं मी म्हणणार नाही. पण आणले मीच. नुसता मासाही पुरत नाही म्हणा, जीवनसत्त्वं कमी पडतात. आणि सुकट-खारं तर बंदच.

तर आमचं सध्याचं बजेट असं. ओलं खाणं, म्हणजे मांजराचं पाकीटबंद ओलं अन्न थोडं आणि उकडलेला मासा थोडा, वर त्याच माशाचं मीठ-मसाला-कांदा नसलेलं पाणी दोन चमचे. पाण्याची तीन भांडी, तीन खोल्यांत, जेवणापासून लांब. मातीच्या पाट्या एकाऐवजी दोन, आणि लघवीचे ओले गोळे रोज मोजायचे. मोजणी फुकट आहे. गोळे शून्य दिसले, किंवा तो कुंथताना दिसला, तर वेळ रात्रीची असो की पावसाची, तासाभरात दवाखाना. सगळं मिळून महिन्याचा खर्च माझ्या दोन वेळच्या कॅफेतल्या कॉफीएवढा आहे.

"माणसांना उपचार परवडत नाहीत आणि तुम्ही बोक्यावर..." असं एक मित्र म्हणालाच. बरोबर आहे तुझं. पण मग पाळू नकोस बाबा. पाळलंस तर शुक्रवारी रात्रीच रिक्षा काढ.

आज सकाळी आईचा मेसेज आला : तीन गोळे, एक जरा लहान. दुपारी परत मोजते.